भिंतीवरची खूण

डहाणू तालुक्यातील रानशेत परिसरात जुने वारली घर पाहिले, तर कारवीचा कुड आणि त्यावर शेणमातीचे लिंपण दिसते. अशा भिंतीवर पुराची खूण टिकत नाही. पाणी शिरले की माती विरघळते आणि पावसाळा सरल्यावर घरातल्या बायका नव्याने लिंपतात. शहरातल्या पक्क्या भिंतीवर मात्र रेघ उरते, कोणी तिच्याशेजारी सालही लिहितो. आपण पुराचा इतिहास वाचतो तो बहुतेक या पक्क्या भिंतींवरचा. कुडाच्या घरांचा इतिहास म्हाताऱ्यांच्या तोंडी असतो. ती माणसे गेली की तोही जातो.

पण पक्क्या भिंतीवरची रेघही दगा देते. सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजतात. २००५ च्या महापुरात ते सुमारे ५४ फुटांवर गेले आणि लोकांनी तीच शेवटची हद्द मानली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढले. मागच्या वेळी आपल्या दारापर्यंत आले नव्हते, या हिशोबावर अनेक कुटुंबे घरातच थांबली होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि बायका-मुलांसह अनेक जण बुडाले. चारच दिवसांनी बकरी ईद होती.

चिपळूणचा हिशोबही असाच चुकला. तिथेही २६ जुलै २००५ चे पाणी लोकांच्या ध्यानात होते. २१ जुलै २०२१ ला बकरी ईद झाली आणि त्याच रात्री पावसाने जोर धरला. वाशिष्ठी नदीत डोंगरातले पाणी येते, कोयना प्रकल्पात वीज तयार झाल्यावर सोडलेले पाणीही येते आणि भरतीच्या वेळी समुद्र त्याची वाट अडवतो. २२ तारखेच्या पहाटे सणाच्या थकव्याने झोपलेली घरे पाण्यात होती. पाणी २००५ च्या खुणेवर गेले. वीज गेली, फोन बंद पडले आणि माणसे माळ्यावर, गच्चीवर बसून नावेची वाट पाहत राहिली.

यातून आम्ही एवढेच शिकतो की जुनी खूण ही आठवण आहे, हमी नव्हे. तिच्यापेक्षा निदान पुरुषभर उंचीचा विचार आधी करून ठेवावा.

डहाणू-तळासरीच्या पट्ट्यात हे अधिक खरे आहे. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र आणि मधले अंतर थोडे. डोंगरात कोसळलेला पाऊस काही तासांत खाली येतो. सूर्या नदीवर धामणीचे धरण आणि त्याखाली कवडासचा बंधारा आहे. विसर्ग वाढला की नदीकाठच्या गावांना सावध केले जाते, पण तो निरोप पाड्यातल्या शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचायला हवा. मशिदीचा भोंगा, शाळेची घंटा, दवंडी, जे हाताशी असेल ते अशा वेळी वापरावे. जमातीच्या तरुणांनी म्हातारी, आजारी आणि बाळंतीण असलेली घरे पावसाळ्याआधीच ठाऊक करून घ्यावीत. त्यात मोहल्ला आणि पाडा असा भेद करू नये.

घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. शिधापत्रिका, सातबारा, वनहक्काचा दाखला, निकाहनामा, मुलांचे शाळेचे दाखले एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंचावर ठेवावेत. गरिबाचा भिजलेला कागद पुन्हा मिळवताना वर्षे जातात आणि मधल्या काळात त्यालाच आपण कोण हे सिद्ध करावे लागते. औषधे, पिण्याचे पाणी, विजेरी त्याच पिशवीशेजारी असावी. पाणी अंगणात दिसताच, हात-पाय कोरडे असताना विजेचे मुख्य बटण बंद करावे. गुरांचे दावे सोडावे. कुडाचे घर असेल तर माळ्यावर चढू नये, भिजलेला कुड माळ्याचा भार पेलत नाही. उजेडातच शाळेच्या किंवा मशिदीच्या पक्क्या, उंच इमारतीत जावे. वाहते पाणी गुडघाभर असले तरी धडधाकट माणसाचे पाय उचलते, म्हणून बुडालेला पूल ओलांडू नये. मदतीसाठी जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. पूर ओसरल्यावर पाणी उकळून प्यावे. चिखलात वावरल्यानंतर ताप आला तर लगेच दवाखाना गाठावा. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने अनेकांचे बळी घेतले होते.

हजरत नूह अलैहिस्सलाम यांनी किश्ती बांधली तेव्हा जमीन कोरडी होती आणि लोक त्यांना हसत होते. तयारीचे दिवस असेच असतात. या उन्हाळ्यात एवढे करावे: घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून पाणी कुठून आले, कोणत्या झाडापर्यंत चढले, किती वेळात चढले, हे विचारून सालासह वहीत लिहून ठेवावे. कुडाच्या भिंतीवर जी खूण राहत नाही, ती निदान कागदावर राहील. आणि ती वहीही त्याच पिशवीत ठेवावी.