'मशीन वळखूनच नाही रायली'

२००१ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. तुमसरच्या बाजारात नवा धान येऊन पडला होता आणि ओळखीच्या एका राइस मिलमधल्या मुनीमजींचा निरोप आला, "सर, लवकर या जी. मशीन आपल्याले वळखूनच नाही रायली." मी तेव्हा भंडाऱ्याला संगणकाचे वर्ग घेत असे. गेलो. मिलचा सगळा हिशेब फॉक्सप्रोमध्ये बांधलेल्या एका लहानशा प्रोग्रामात होता. विंडोज ९८ सुरू करायचे, आज्ञा देण्याची ती काळी खिडकी उघडायची, एक शब्द टाइप करायचा, की हिशेबाचा पडदा समोर येई. त्या दिवशी शब्द टाकला की खाली एकच ओळ उमटे : 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. म्हणजे आज्ञा चुकली किंवा फाइलचे नाव चुकले. आदल्याच दिवशी बाहेरगावचा एक मेकॅनिक येऊन टायपिंगचा नवा प्रोग्राम टाकून गेला होता. त्याने फोनवरच निदान केले : व्हायरस आहे, हार्ड डिस्क फॉरमॅट करावी लागेल.

हिशेबाची शेवटची फ्लॉपी दिवाळीपूर्वीची होती. त्यानंतर कोणाचा किती धान आला, कोणाला किती उचल दिली, कोणाचे किती देणे राहिले, हे सारे त्या डिस्कवरच. कागदी वही त्याच वर्षी बंद झाली होती आणि ती बंद करा असा आग्रह माझाच होता.

मी 'डीआयआर' ही तीन अक्षरे टाइप केली. फाइलींची यादी सरसर वर सरकली. हिशेबाच्या फाइली जागच्या जागी होत्या, तारखा कालपरवाच्या. डिस्क शाबूत होती. मग 'एक्सकॉपी' म्हणून पाहिले, तर पुन्हा तीच ओळ. साधे 'कॉपी' म्हटले, तर मुकाट्याने काम झाले. आधी तीन फ्लॉप्यांवर सगळा हिशेब उतरवून घेतला, मगच मुनीमजींनी चहा मागवला.

एकच यंत्र 'कॉपी' ऐकते आणि 'एक्सकॉपी' ऐकत नाही, हे कसे? त्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी किल्डाल यांनी लहान संगणकांसाठी सीपी/एम नावाची प्रणाली लिहिली. तिच्यात 'डीआयआर'सारख्या थोड्या आज्ञा आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामातच बसवलेल्या होत्या. बाकीचा प्रत्येक शब्द म्हणजे फ्लॉपीवरच्या एखाद्या प्रोग्रामाचे नाव. ते नाव सापडले नाही तर ही प्रणाली तुमचाच शब्द पुन्हा लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवी. मला ते उत्तर नंतरच्या सगळ्या उत्तरांपेक्षा प्रामाणिक वाटते. त्यात तुम्ही चुकलात असे नव्हते, 'हे काय?' एवढेच होते.

१९८० मध्ये सिएटलच्या टिम पॅटरसन यांनी सीपी/एमच्या वळणावर नवी प्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस म्हणून बाजारात आली. मेमरी तुटपुंजी, म्हणून तीच वाटणी कायम राहिली. रोजच्या आज्ञा घरात, म्हणजे मेमरीत. 'फॉरमॅट'सारख्या मोठ्या आज्ञा बाहेर, फ्लॉपीवर. फ्लॉपी एवढीशी, त्यामुळे शोधायचे कुठे हा प्रश्नच नव्हता. तो आला मार्च १९८३ मध्ये. आयबीएमच्या एक्सटी संगणकात दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क आली, तिच्यात फोल्डरांत फोल्डर आले आणि डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्सकडून 'पाथ' ही कल्पना घेतली. पाथ म्हणजे शोधायच्या जागांची यादी, प्रत्येक जागेमध्ये एक अर्धविराम. दिलेला शब्द घरच्या आज्ञांत नसेल तर आधी आपण उभे आहोत ते फोल्डर पाहायचे आणि मग यादीतल्या जागा क्रमाने. पहिल्यांदा जिथे नाव सापडेल तिथेच शोध थांबतो.

आपल्या जिल्ह्यात हे समजावणे मला सोपे गेले. पिंपळगाव लाखनीकडेही आहे आणि लाखांदूरकडेही आहे, म्हणून आपण पिंपळगाव सडक आणि पिंपळगाव कोहळी म्हणतो. नुसते पिंपळगाव म्हणाल तर सांगणारा त्याला आधी आठवेल त्या गावाला पाठवील. फोल्डर हलवले आणि यादीत जुनाच पत्ता राहिला तरी घोटाळा होतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर कितीतरी दिवस तिकडचे आमचे नातेवाईक पत्रावर 'जिल्हा भंडारा' असेच लिहीत.

मिलमध्ये मी 'टाइप' ही आज्ञा वापरून 'ऑटोएक्झेक' नावाची फाइल वाचली. 'टाइप' घरची आज्ञा, ती चालली. संगणक सुरू होताना जी कामे आपोआप व्हायची ती या फाइलीत लिहिलेली असत. वर जुनी पाथची ओळ नीट होती : विंडोजचे फोल्डर, त्याच्या पोटातले कमांड फोल्डर, हिशेबाचे फोल्डर. अगदी तळाशी, मेकॅनिकच्या हातची, पाथची दुसरी ओळ. तिच्यात फक्त टायपिंगचे फोल्डर. दुसरी ओळ पहिलीत भर घालत नाही, ती पहिली पुसते. नवी जागा जुन्या यादीला अर्धविराम देऊन जोडायची, हे त्या गृहस्थांना ठाऊक नसावे. व्हायरस कुठला! गंमत म्हणजे त्यांनी त्याच खिडकीत 'फॉरमॅट' टाइप केले असते तर तेही यंत्राने ओळखले नसते. ती बाहेरची आज्ञा.

दुरुस्तीसाठी 'एडिट' हवे, तेही बाहेरचे. पण पूर्ण पत्ता दिला की यादीची गरज उरत नाही. सी ड्राइव्ह, विंडोज, कमांड, एडिट असे तिरप्या रेघांनी जोडून टाइप केले आणि निळा पडदा उघडला. दोन ओळींची एक केली, संगणक पुन्हा सुरू केला. मुनीमजींनी आपला शब्द टाकला, हिशेब उघडला. त्यांनी पडद्याला हात जोडले आणि दुसऱ्या दिवसापासून लाल वही पुन्हा सुरू केली. मीही हरकत घेतली नाही.

पुढे संदेश बदलला. १९९३ च्या विंडोज एनटीपासून आलेली नवी खिडकी २००१ च्या एक्सपीबरोबर घरोघरी पोचली. तिचे वाक्य लांबलचक : अमुक शब्द अंतर्गत किंवा बाह्य आज्ञा म्हणून ओळखला जात नाही. इंग्रजी न येणाऱ्याला त्याने धडकी भरते. पण निदान 'अंतर्गत' आणि 'बाह्य' हा जुना भेद त्यात उघड लिहिलेला आहे. आता पाथ त्या फाइलीत नसतो, विंडोजच्या सेटिंगमध्ये 'एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स' या नावाखाली असतो. जावा शिकणारी मुले तिथे जुनी यादी पुसून आपले एकच फोल्डर लिहीत, आणि मग 'पिंग' चालेना, 'आयपीकॉन्फिग' चालेना. विंडोज १० ने ही यादी एकाखाली एक दाखवायला सुरुवात केली, तेव्हा असे अपघात कमी झाले. 'सेटएक्स' या आज्ञेपासून मात्र अजूनही जपावे. १०२४ अक्षरांपुढची यादी ती कापून टाकते.

तेव्हा तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी 'डीआयआर' टाइप करून पाहा. ते चालले आणि 'पिंग' चालले नाही, तर नुसते 'पाथ' टाइप करा आणि यादीत विंडोजमधले 'सिस्टिम ३२' हे फोल्डर आहे का ते बघा. नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन यादीत ते जोडा, दुसरे काही पुसू नका. आणि मग ती काळी खिडकी बंद करून नवी उघडा. आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसलेली असते.