रॉक मशीन ते इंडस क्रीड

यंदा स्मरणिकेसाठी ‘काहीतरी वेगळे द्या’ असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता, म्हणून रेल्वे बाजूला ठेवून एका रॉक बँडचा इतिहास सांगतो. कपाळाला आठ्या घालू नका. यात आपली मराठी-कोकणी नावेही आहेत.

आपल्या बिजौलीत गणपतीत ऑर्केस्ट्रा येतो तेव्हा आपण काय पाहतो? किशोरकुमारचे गाणे हुबेहूब झाले की टाळ्या. मधेच गायकाने स्वतःची चाल म्हटली, तर मागच्या रांगा चहाला उठतात. मुंबईच्या रॉक श्रोत्यांचेही असेच होते. 1970 आणि 1971 साली ‘सिमला बीट’ स्पर्धा झाल्या, त्यांच्या तबकड्याही निघाल्या. पण कॉलेजच्या कार्यक्रमांत मागणी असायची ती डीप पर्पल, लेड झेपलिन यांच्या नकलेची. त्यातून परदेशी गिटार आयात शुल्कामुळे आवाक्याबाहेर.

अशा काळात, 1984 साली, मुंबईत ‘रॉक मशीन’ उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन. पुढे गायक उदय बेनेगल, ड्रमवर मार्क मेनेझिस, गिटारवर जयेश गांधी आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया अशी जुळणी झाली. आडनावे वाचा, मुंबईची चाळच समोर येते! सुरुवातीला त्यांनीही इतरांचीच गाणी वाजवली. धोबी तलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, त्यांचे नाव झाले. (शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे तिथले कार्यक्रम थांबले.)

खरा धोका त्यांनी पत्करला तो 1988 साली. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा संपूर्ण स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम काढला. ऐकणाऱ्याला शब्द पाठ नाहीत, चाल ओळखीची नाही, तरी उभे राहून गायचे, याला छाती लागते. 1990 साली ‘द सेकंड कमिंग’ आला.

मग नशिबाने साथ दिली. 1991 नंतर घरोघरी केबल आली आणि एम.टी.व्ही. दिसू लागला. दाखवण्याजोगी स्वतःची गाणी भारतात फार थोड्यांकडे होती, यांच्याकडे होती. नक्कल करणाऱ्यांना हे दार उघडले नसते, असे माझे ठाम मत आहे. 1993 साली त्यांच्या ‘प्रेटी चाइल्ड’ या व्हिडिओला एम.टी.व्ही.चा आशिया विभागातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नावही बदलले : ‘इंडस क्रीड’. इंडस म्हणजे आपली सिंधू. त्या नावाचा अल्बम 1995 साली आला.

पण त्याच 1995 मध्ये अलिशा चिनॉयचे ‘मेड इन इंडिया’ गाजले. कंपन्यांना हिंदी पॉप हवे होते. इंग्रजी रॉकवर पैसा लावणारे उरले नाहीत. 1997 साली बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ नावाने वाजवू लागले.

तेरा वर्षांनी, 2010 साली, तिनईकर, बेनेगल आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी ही तरुण मंडळी सोबत घेतली. 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. त्यातही गाणी स्वतःचीच.