दुकानाचं नाव बदलताय? आधी पॅन बघा, मग जीएसटीला कळवा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं दुकान असो की कराडच्या बाजारपेठेतलं, अनेक पाट्यांवर आजोबांचं किंवा अब्बांचं नाव असतं. पुढची पिढी आली की पाटी बदलते, 'अँड सन्स', 'ब्रदर्स' लागतं. पण पाटी रंगवली म्हणजे काम संपलं नाही. नुसतं नाव बदललं की मालकच बदलला, हे आधी ठरवा. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

मालक तोच, नाव नवं: एकट्याच्या मालकीच्या धंद्याचा पॅन मालकाच्या स्वतःच्या नावावर असतो, त्यामुळे पॅनला हात लावायची गरज नाही. जीएसटी पोर्टलवर आरईजी-१४ अर्जातून व्यापारी नाव बदला. बदल झाल्यापासून १५ दिवसांत हा अर्ज करायचा असतो. अधिकारी १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय घेतात. त्यांनी काही विचारलं तर ७ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्या, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

भागीदारी फर्म: इथे पॅन फर्मच्या नावावर असतो. आधी भागीदारी करारात बदल करा. फर्म नोंदलेली असेल तर रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंद करा. मग पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्या (नंबर तोच राहतो) आणि शेवटी जीएसटी. हा क्रम चुकला की नावं जुळत नाहीत आणि अर्ज अडकतो.

भाऊ भागीदार झाला: एकट्याच्या धंद्याची फर्म झाली की पॅन नवा, म्हणून जीएसटी नोंदणीही नवी. इथे आरईजी-१४ चालत नाही.

मालकाचा इंतकाल झाला: सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. अब्बांच्या नंबरवर बिलं फाडत राहू नका. धंदा पुढे चालवणाऱ्या वारसाने स्वतःच्या पॅनवर ३० दिवसांत नव्या नोंदणीचा अर्ज करावा. शिल्लक टॅक्स क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्या नंबरवर घ्यावं, त्याला सीएंचा दाखला लागतो. जुनी नोंदणी त्यानंतरच आरईजी-१६ ने रद्द करावी. आधी रद्द केली तर क्रेडिट हातचं जाऊ शकतं. आणि धंदा चालवणाऱ्या वारसावर अब्बांची जुनी जीएसटी थकबाकीही येते, हे विसरू नका.

एक गोष्ट घरात स्पष्ट बोलून घ्या. जीएसटी एका भावाच्या नावावर झाली म्हणजे दुकान त्याच्या एकट्याचं झालं असं नाही. ती फक्त कराची नोंद आहे. अम्मीचा आणि बहिणींचा वारसाहक्क त्याने संपत नाही.

शेवटी हेही बदला: व्यवसाय कर, टॅन (असेल तर), शॉप अ‍ॅक्ट, उद्यम, बँक खातं आणि बिलबुक. नवीन पाटीवर जीएसटी नंबर लिहा आणि सर्टिफिकेट दुकानात दिसेल असं लावा, तसा नियमच आहे. साताऱ्यात असा की सांगलीत, जीएसटीचे हे अर्ज ऑनलाइनच होतात. अर्ज भरला की पोचपावती जपून ठेवा.