हिस्लॉपच्या कागदांत कोण बोलतं?

भद्रावती-चंद्रपूर भागातल्या गोंड समाजावर काम करायचं ठरवलंत, की एका पाद्र्याचे कागद तुमच्यापुढे येणारच. स्टीफन हिस्लॉप. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. आला धर्मप्रसारासाठी, पण दौऱ्यांत जीवाश्म गोळा करत राहिला (तोही एक वेगळा विषय आहे!) आणि गोंडांचे देव, चालीरीती, शब्द टिपत राहिला.

सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नदीत बुडून तो गेला. मागे राहिलेले कागद १८६६ साली रिचर्ड टेंपलने टिपा जोडून छापले. टेंपल म्हणजे मध्य प्रांताचा चीफ कमिशनर. तेव्हा पाद्री कुठे बोलतो आणि सरकार कुठे, हे आधी वेगळं करा.

खरी मेख पुढेच आहे. त्यातली लिंगोची दीर्घ गाथा एका परधानाच्या तोंडून उतरवलेली. परधान म्हणजे किंग्रीच्या साथीनं गोंडांच्या देवगाथा गाणारे. मुखपृष्ठावर हिस्लॉप आहे, टेंपल आहे, गाणारा नाही. मग तळटीपेत नुसतं ‘हिस्लॉप, १८६६’ लिहून कसं चालेल? इंग्रजी भाषांतरात ‘पाप’, ‘प्रार्थना’ असं काही दिसलं, तर शेजारची गोंडी ओळ काढून बघा: शब्द परधानाचा की पाद्र्याचा?