होनोलुलूची कातडी, तोक्योची रेघ

साल 2000, होनोलुलू. स्क्वेअर पिक्चर्सच्या स्टुडिओत एका ॲनिमेटरच्या खुर्चीमागे तुम्ही उभे आहात. समोरच्या पडद्यावर अकी रॉस नावाची शास्त्रज्ञ मान वळवते आहे. तिच्या डोक्यावर सुमारे 60 हजार केस आहेत आणि त्यांचं हलणं संगणक ठरवतो आहे. या कामासाठी 960 संगणक रात्रंदिवस राबताहेत. एक चौकट तयार व्हायला सरासरी दीड तास लागतो आणि चित्रपटात ती सेकंदाच्या चोविसाव्या भागापुरती दिसते. अशा 1,41,964 चौकटी हव्या आहेत. नुसता गुणाकार केला, तर एकट्या यंत्राला 24 वर्षं पुरतील एवढं हे काम आहे.

या खोलीतल्या माणसांना वेडे म्हणू नका. दिग्दर्शक हिरोनोबु साकागुची यांना हाडामांसाचा भास होईल अशी संपूर्ण संगणकनिर्मित माणसं उभी करायची आहेत. अकीला पुढे अभिनेत्रीसारखं वेगवेगळ्या चित्रपटांत घ्यायचं, असाही बेत आहे. पडद्यावरच्या तिच्या गालाकडे तुम्ही निरखून पाहता. त्वचेचा पोत आणि बारीकसे डाग दिसतात. हे जमणार, असं तुम्हालाही वाटू लागतं.

आता जुलै 2001, अमेरिकेतलं एक चित्रपटगृह. ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’ सुरू झाला आहे. साल 2065, न्यूयॉर्क ओसाड पडलंय. भग्न इमारती आणि सैनिकांची चिलखतं पाहताना तुम्ही हरखून जाता. मग अकीचा चेहरा जवळ येतो, ती बोलू लागते, आणि तुमच्या मनात काहीतरी आखडतं. ओठ हलतात, डोळे मिटतात, सगळं वेळच्या वेळी होतं. तरीही त्या डोळ्यांमागे कुणी आहे, असं वाटत नाही. या प्रयत्नावर सुमारे 13 कोटी 70 लाख डॉलर खर्च झाले, जगभरातून आले साडेआठ कोटींच्या आसपास. पुढच्याच वर्षी स्टुडिओ बंद पडला.

काय चुकलं हे समजून घ्यायला तुम्हाला मागे जावं लागेल, 1970 च्या तोक्योत. मासाहिरो मोरी हे यंत्रमानवांचे अभ्यासक एका नियतकालिकासाठी छोटासा लेख लिहिताहेत. सोबत एक आलेख आहे. यंत्र माणसासारखं दिसत जातं तशी आपली त्याच्याबद्दलची जवळीक वाढते. पण ते जवळजवळ माणसासारखं झालं, की रेषा खोल दरीत कोसळते. मोरी उदाहरण देतात कृत्रिम हाताचं. दिसायला हुबेहूब, पण हस्तांदोलन करताच गार लागतो आणि अंगावर काटा येतो. याउलट बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यातली बाहुली जवळून पाहिली तर माणसासारखी मुळीच दिसत नाही. मात्र रंगमंचावर तिचे डोळे आणि हात हलू लागले, की प्रेक्षक तिच्यात गुंततात. म्हणून मोरींचा सल्ला आहे: दरीपलीकडच्या शिखराचा हट्ट धरू नका, अलीकडचं शिखर गाठा.

होनोलुलूच्या स्टुडिओने नेमका पलीकडच्या शिखराचा हट्ट धरला होता.

आता पुन्हा तोक्यो, पण शतक बदललेलं. यावेळी तुम्ही नुसते पाहणारे नाही. अंगाला घट्ट बसणारा पोशाख तुम्ही चढवला आहे. खांदे, कोपरं, गुडघे, घोटे, सगळीकडे प्रकाश परावर्तित करणारे छोटे गोळे चिकटवलेत आणि भोवती कॅमेरे आहेत. तुम्ही धावता, जमिनीवर लोळण घेता, खोटी बंदूक रोखून वळता. मॉनिटरवर तुम्ही नाहीच, आहेत फक्त ठिपके. पण ते उठतात तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून उठणारं, दमलेलं माणूस तुम्हाला स्पष्ट ओळखू येतं. चेहरा नाही, कातडी नाही, तरी ते जिवंत आहे.

शिंजी आरामाकी यांचा ‘ॲपलसीड’ हा चित्रपट अशाच टिपलेल्या हालचालींवर उभा आहे. आरामाकी मुळात यंत्रांचे आराखडे काढणारे, त्यामुळे धातूचा जडपणा, तेलकट चकाकी, सांध्यांची उघडझाप यांत संगणकाला त्यांनी मोकळीक दिली. चेहऱ्यांबाबत मात्र त्यांनी वेगळी वाट धरली. त्वचेवरचे उजेडाचे बारीक चढउतार पुसून टाकले. राहिला सपाट रंग, काठ स्पष्ट असलेली सावली आणि भोवती शाईसारखी रेघ. चित्रपट ज्यावर बेतला, ती मासामुने शिरो यांची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1985 पासून वाचकांनी रेघेतच पाहिली होती. संगणकाने त्या रेघेचा मान राखला.

17 एप्रिल 2004. जपानमध्ये चित्रपट प्रदर्शित होतो, तुम्ही अंधारात बसला आहात. उद्ध्वस्त शहरात नायिका ड्यूनान एकटी लढते आहे. महायुद्ध संपलंय हेही तिला ठाऊक नाही. तिला ऑलिम्पस या नव्या नगरात आणलं जातं. तिथे निम्मी वस्ती बायोरॉइडांची, म्हणजे घडवलेल्या माणसांची. त्यांच्या भावनांना लगाम आहे, त्यांना मुलं होऊ शकत नाहीत. आणि तिथेच तिला तिचा प्रियकर ब्रिआरेओस भेटतो. युद्धात शरीर गमावून तो आता जवळपास पूर्ण यंत्र झाला आहे. डोक्यावर सशाच्या कानांसारखे दोन दांडे, आणि चेहरा तर उरलेलाच नाही.

इथे थांबा. अकीकडे साठ हजार केस आणि जिवंत वाटावी अशी त्वचा होती. याच्याकडे ओठसुद्धा नाहीत. तरीही तो ड्यूनानसमोर उभा राहतो, खांदे किंचित झुकवतो, आणि तिला द्यायला आपल्याकडे आता काय उरलंय हा त्याच्या मनातला संकोच तुमच्यापर्यंत पोहोचतो. बुनराकूच्या बाहुलीने जे साधलं, तेच हे यंत्र साधतं. पुढे वृद्धांचं एक मंडळ ठरवतं की भांडखोर माणूसजात संपलेलीच बरी. तो वाद ऐकताना तुमच्या लक्षात येतं की हे पोरांना गुंगवणारं गोळीबाराचं निमित्त नाही. कुणाच्या जगण्याचा हक्क कुणी ठरवायचा, हा मोठ्या माणसांचा प्रश्न आहे.

ऑगस्ट 2007, स्वित्झर्लंडमधलं लोकार्नो. चित्रपट महोत्सवाचा पडदा उघडतो तो ‘ॲपलसीड’चे एक निर्माते फुमिहिको सोरी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वेक्सिल’ने. साल 2077. यंत्रविद्येच्या जोरावर जपानने स्वतःला जगापासून तोडून घेतलंय. भिंतीआड डोकावल्यावर दिसतं, की तिथली माणसंच हळूहळू धातूची होत चालली आहेत. त्याच वर्षी आरामाकींचा ‘ॲपलसीड एक्स मॅकिना’ येतो. निर्माते जॉन वू, ड्यूनानचे काही पोशाख मिउच्चा प्राडा यांचे. ब्रिआरेओसच्या पेशींपासून घडवलेला टेरेअस हा बायोरॉइड तिचा जोडीदार म्हणून येतो, ब्रिआरेओसचा हरवलेला चेहरा घेऊन. ड्यूनानने कुणाकडे पाहायचं? ओळखीच्या चेहऱ्याकडे, की अनोळखी धातूत राहणाऱ्या माणसाकडे?

शेवटचा मुक्काम 2014. ‘ॲपलसीड अल्फा’मध्ये तेच आरामाकी रेघ सोडून वास्तवाभासी त्वचेकडे वळले आहेत. पुन्हा भग्न न्यूयॉर्क. होनोलुलूपेक्षा यंत्रं कितीतरी पुढे गेली आहेत, ड्यूनानच्या त्वचेवर धूळ बसलेली दिसते. पण शेजारी ब्रिआरेओस उभा राहिला की तुमची नजर त्याच्याकडेच जाते.

हे चित्रपट लागोपाठ पाहा, 2001 चा आधी. त्यानंतरचे सगळे एकच विचारतात: शरीर यंत्राचं झालं तर माणूस किती उरतो? याचं उत्तर मला त्यांच्या घडणीतच सापडतं. धातूच्या खांद्याआड खराखुरा माणूस हलला होता, म्हणून ब्रिआरेओस माणूस वाटतो. हुबेहूब त्वचा हे कौशल्य आहे आणि त्याचा मी आदर करतो. पण प्रेक्षकाला बांधून ठेवतं ते हालचालीतलं माणूसपण, आणि त्याच्यासाठी एक रेघही पुरते.