डिप्रेशन म्हणजे काय? समुद्रातलं वेगळं, मनातलं वेगळं

घाटकोपर : 'अरबी समुद्रात डिप्रेशन' असा मेसेज येतो आणि दवाखान्यात डॉक्टरही 'डिप्रेशन' म्हणतात. शब्द एकच, अर्थ दोन. मूळ लॅटिन : 'दे' म्हणजे खाली, 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे.

हवामान : हवेचा दाब उतरलेलं क्षेत्र. वारा ताशी ३१ ते ५० किमी. ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ. जून २०२० मध्ये असंच डिप्रेशन दोन दिवसांत 'निसर्ग' वादळ होऊन अलिबागजवळ धडकलं. घाटकोपरसह मुंबई थोडक्यात वाचली.

आजार : दोन आठवड्यांहून जास्त मन उदास, झोप-भूक बिघडलेली, कशातच रस नाही. हे नाटक नाही, आळस नाही. उपचाराने बरं वाटतं. टेली-मानस १४४१६ वर फोन करा. मोफत, २४ तास.