अल्पाइन लिनक्सवरील डेस्कटॉप
अल्पाइन ही मुळात रूटर, फायरवॉल, आभासी यंत्रे आणि कंटेनर यांच्यासाठी घडलेली लिनक्स प्रणाली. ती बसवून संगणक सुरू केला, की काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ येते आणि तिच्यापुढे कर्सर लुकलुकत राहतो. खिडक्या, चिन्हे, माउसचा बाण यांपैकी काहीच नसते. उबुंटूसारख्या प्रणालीत डेस्कटॉप आयता मिळतो. इथे तो थर रचत उभा करावा लागतो.

नातानाएल कोपा यांनी सुरू केलेली ही प्रणाली २००५ पासून प्रचारात आहे. तिचा हलकेपणा प्रामुख्याने तीन निवडींतून येतो. मूळ सी-लायब्ररी म्हणून ग्लिबसीऐवजी मसल (२०१४ च्या ३.० आवृत्तीपासून), नेहमीच्या ग्नू हत्यारांऐवजी बिझीबॉक्स आणि सिस्टमडीऐवजी ओपनआरसी. डिस्कवरची किमान मांडणी १३० एमबीच्या आसपास भरते, कंटेनर तर ८ एमबीतही मावतो. डेस्कटॉप चढवल्यावर हा आकडा अर्थातच कित्येक पटींनी वाढतो. ‘हलकी’ हे विशेषण पायाचे आहे, वर बांधलेल्या इमल्याचे नाही.

डेस्कटॉप म्हणजे एकच प्रोग्राम, ही समजूत इथे पहिल्या तासातच गळून पडते. तळाशी पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर किंवा वेलँड. त्याला कीबोर्ड, माउस ओळखून देणारी उपकरण-व्यवस्था. प्रोग्रामांना आपसांत निरोप पोचवणारी डीबस. कोण लॉगिन झाले आहे याची नोंद ठेवणारी ईलॉगइंड आणि कोणाला काय करू द्यायचे हे ठरवणारी पोलकिट. स्वागताचा पडदा दाखवणारा लाइटडीएमसारखा प्रोग्राम. या सगळ्यांच्या वर आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो ते पॅनेल, मेनू आणि खिडक्या.

वरच्या थरासाठी बरेच जण एक्सएफसीई निवडतात, आणि जुन्या यंत्रावर ती निवड योग्यच ठरते. ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी १९९६ मध्ये ते सुरू केले. ज्या एक्सफॉर्म्स संचावर ते बेतले होते, तो मुक्त परवान्याचा नसल्यामुळे रेड हॅटने त्याला आपल्या वितरणात जागा दिली नाही. मग ते जीटीकेवर नव्याने लिहिले गेले. नावातले ‘एक्सएफ’ त्या पहिल्या संसाराची खूण म्हणून उरले.

कृती. ‘सेटअप-अल्पाइन’ ही आज्ञा देऊन प्रणाली डिस्कवर ‘सिस’ पद्धतीने बसवावी. अल्पाइन केवळ मेमरीतूनही चालते. पण त्या पद्धतीत ‘एलबीयू कमिट’ न करता यंत्र बंद केले, तर बसवलेले सारे पुसले जाते. बसवताना रूटखेरीज एक साधा वापरकर्ता तयार करून घ्यावा. नंतर पॅकेज-भांडारांच्या यादीत ‘कम्युनिटी’च्या ओळीआधीचे # चिन्ह काढावे, कारण एक्सएफसीई त्याच भांडारात आहे. मे २०२२ मधल्या ३.१६ आवृत्तीपासून ‘सेटअप-डेस्कटॉप’ ही आज्ञा मिळते. ती ग्नोम, प्लाझ्मा, एक्सएफसीई असे पर्याय विचारते आणि वर सांगितलेले बहुतेक थर स्वतःच रचते. त्याआधी हे काम हातानेच चाले. ‘सेटअप-एक्सऑर्ग-बेस’ चालवायचे, ‘एपीके ॲड’ने एकेक पॅकेज आणायचे आणि ‘आरसी-अपडेट’ने सेवा चालू यादीत घालायच्या. ती वाट एकदा तरी चालून पाहावी, कारण बिघाड झाला की त्याच थरांची नावे आठवावी लागतात.

उदाहरणार्थ, पडदा येतो, बाणही दिसतो. पण माउस हलवला तरी तो जागचा ढळत नाही. यंत्र गोठलेले नसते. अल्पाइनची उपकरणे सुरुवातीला बिझीबॉक्सचे एमडेव्ह सांभाळते, आणि एक्स सर्व्हर वाट पाहत असतो युडेव्हची. ईयुडेव्ह बसवून त्याची सेवा सुरू केली, की बाण धावू लागतो. ‘बंद करा’ हे बटण फिकट दिसत असेल, तर बहुधा ईलॉगइंड किंवा पोलकिट राहून गेलेले असते.

मसलचा फटका बसतो तो बाहेरून आणलेल्या प्रोग्रामांना. ग्लिबसी गृहीत धरून बांधलेले क्रोम इथे थेट चालत नाही. फायरफॉक्स, क्रोमियम, लिबरऑफिस भांडारातच आहेत. उरलेल्यांसाठी फ्लॅटपॅक वापरावे. ते आपली लायब्ररी सोबत घेऊन येते, अर्थात डिस्कही त्या मानाने खाते.

मराठी वापरकर्त्याला डेस्कटॉप ही चैन नसते. लिनक्सच्या साध्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटतच नाही. काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांची जुळणी करणारी हार्फबझसारखी यंत्रणा खिडक्यांच्या जगातच भेटते. पण नव्याने बसवलेल्या एक्सएफसीईत मराठी बातमीपत्र उघडले, तर अक्षरांच्या जागी चौकोनांची रांग दिसू शकते, कारण देवनागरी फॉन्ट सोबत आलेला नसतो. नोटो देवनागरीचे पॅकेज वेगळे आणावे लागते. टंकनासाठी भारतीय कळफलकांत इनस्क्रिप्ट आणि मराठी कगप हे पर्याय आहेत. दुसरा उच्चारानुसारी असून त्याचे नाव कन्नड गणक परिषदेवरून पडले. मेनूंची भाषांतरे प्रोग्रामांपासून सुटी करून वेगळ्या पॅकेजांत ठेवलेली असतात. मदतीची पानेही तशीच. टर्मिनलच्या खिडकीत मात्र जोडाक्षरांची मोडतोड होते. तिथे मराठी लिहिण्याचा हट्ट धरू नये.

अल्पाइनची नवी स्थिर आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी निघते. ‘मेन’ भांडाराला सुमारे दोन वर्षे आधार मिळतो, ‘कम्युनिटी’ला फक्त पुढची आवृत्ती येईपर्यंत. सर्व्हर चालवणाऱ्याला जुन्या आवृत्तीवर वर्ष काढता येते; डेस्कटॉप चालवणाऱ्याने वर्षातून दोनदा आवृत्ती बदलण्याची तयारी ठेवावी.